खुडूक कोंबडीपासून मानमोडीपर्यंत: परसातील कोंबडीपालनाचे लोकज्ञान

घराच्या मागील अंगणात, गोठ्याच्या कडेला किंवा वाडीत पाच-दहापासून वीस-पंचवीसपर्यंत गावठी कोंबड्या मोकळ्या सोडून पाळण्याच्या पद्धतीला परसातील कोंबडीपालन म्हणतात. या कोंबड्या दिवसभर उकिरडा, खळे आणि बांध उकरून आपले बरेचसे अन्न स्वतःच मिळवतात, दिवस मावळताना घरची मूठभर कणी टिपतात आणि खुराड्यात शिरतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी भरली. त्यांपैकी जवळजवळ ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते आणि २०१२ च्या मानाने त्यांच्या संख्येत सुमारे ४६ टक्के वाढ झालेली दिसली. एवढा मोठा पसारा असूनही या पालनाचे ज्ञान पुस्तकांतून फार थोडे आणि सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे फार मोठ्या प्रमाणावर गेले आहे. या ज्ञानाला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे जितके चुकीचे, तितकेच ते जुने आहे म्हणून जसेच्या तसे खरे मानणेही चुकीचे ठरते. त्यातील पुष्कळसे सल्ले पक्ष्यांच्या शरीरशास्त्राच्या कसोटीला चांगले उतरतात, काही उतरत नाहीत, आणि एका ठिकाणी, म्हणजे साथीच्या रोगापुढे, एकट्या घराचे शहाणपण कितीही पक्के असले तरी अपुरे पडते.

गावठी कोंबडीचे अर्थकारण समजण्यासाठी तिच्या अंडी देण्याच्या फेऱ्याचा विचार प्रथम करावा लागतो. तलंग, म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेली तरुण मादी, साधारण सहा-सात महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते, एका फेऱ्यात बारा ते अठरा अंडी देते आणि मग खुडूक होते. खुडूक होणे म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवण्यासाठी बसण्याची तीव्र ओढ लागणे. अशी कोंबडी अंडी घालण्याची जागा सोडत नाही, पिसे फुलवून बसते, हात जवळ नेला तर चोच मारते आणि एरवीपेक्षा वेगळा, घोगरा आवाज काढत राहते. पुढे एकवीस दिवस उबवण्यात आणि दोन-तीन महिने पिले सांभाळण्यात गेल्यावरच ती पुन्हा अंड्यावर येते, त्यामुळे वर्षाला असे तीन-चार फेरे आणि एकंदर पन्नास ते सत्तर अंडी एवढाच हिशेब बसतो. पिंजऱ्यातील व्यापारी कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, याचे एक मोठे कारण असे, की पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीतून तिच्यातील खुडूकपणा जवळजवळ नाहीसा करण्यात आला आहे. परंतु तिची अंडी उबवण्यासाठी वीज आणि यंत्र, तर तिची पिले वाढवण्यासाठी विकतचे खाद्य लागते. गावठी कोंबडी ही दोन्ही कामे स्वतःच करते, म्हणून केवळ अंड्यांच्या संख्येवरून या दोघींची तुलना करणे न्याय्य नाही.

खुडूकपणाचे मूळ प्रोलॅक्टिन या संप्रेरकात आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून हे संप्रेरक स्रवते. त्याचे प्रमाण वाढले की अंडाशय आक्रसते, पोटाखालची काही पिसे झडून तेथील त्वचा उघडी व ऊबदार होते आणि त्या त्वचेला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की संप्रेरकाचे प्रमाण चढेच राहते. हे चक्र ध्यानात घेतले, म्हणजे 'खुडूक मोडण्याच्या' घरगुती उपायांपैकी कोणते उपयोगी आणि कोणते निरर्थक, हे सहज ठरवता येते. अंडी व खोपा दोन्ही काढून घेऊन कोंबडीला खालून हवा खेळेल अशा फटींच्या किंवा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन काही दिवस ठेवणे हा उपाय चांगला लागू पडतो, कारण त्यामुळे अंड्यांचा स्पर्श आणि पोटाखालची ऊब दोन्ही तुटतात. पाण्यात पुन्हा पुन्हा बुचकळण्याने शरीर क्षणभर गार होते, पण कोंबडी वाळताच पुन्हा खोप्याकडे धावते आणि थंडीच्या दिवसांत तिला अपायही होतो. नाकपुडीतून पीस आरपार घालण्याची पद्धत अजून काही गावांत आढळते. तिने श्वास अडतो आणि जखम होते, एवढाच तिचा परिणाम असून ती सोडून देणेच योग्य होय.

सर्वच खुडूक कोंबड्यांना मोडून अंड्यावर आणणे हेही शहाणपणाचे नसते. शांत बसणारी, अंडी न फोडणारी आणि घार दिसताच पिले पंखाखाली घेणारी कोंबडी ही परसातील खरी ठेव असते, आणि अशी कोंबडी शेजारी उसनी दिली जाते किंवा अर्धेलीने, म्हणजे निघालेली पिले निम्मी-निम्मी वाटून घेण्याच्या बोलीवर, ठेवायला दिली जाते. उबवणीच्या काळात तिला दाणापाणी हाताशी मिळाले नाही तर तिचे वजन फार घटते आणि पुढचा फेरा लांबतो. बांगलादेशातील खेड्यांत यासाठी 'हाजोल' नावाचे मातीचे भांडे वापरात आले असून, त्यात खोप्याच्या कडेलाच दाण्याचे आणि पाण्याचे खण केलेले असतात. आपल्याकडे टोपलीलगत दोन करवंट्या ठेवल्या तरी तोच हेतू साधतो.

अंडी बसवण्यापूर्वीची निवड हा अनुभवी बायांच्या ज्ञानाचा सर्वांत बारीक भाग आहे. मध्यम आकाराची, तडा नसलेली, आठवड्याच्या आतली अंडी घ्यावीत, ती निमुळते टोक खाली करून घरातील गार कोपऱ्यात ठेवावीत आणि धुऊ नयेत, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि तो पूर्णपणे बरोबर आहे. अंड्याच्या कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक लेप असतो, जो कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जंतूंना आत शिरू देत नाही; धुतल्याने हा लेप जातो. रुंद टोकाकडे हवेची पोकळी असते आणि पिलू पहिला श्वास तेथेच घेते, म्हणून ती बाजू वर राखण्याला अर्थ आहे. उन्हाळ्यात घरातील तापमानच इतके चढते की अंड्यातील जीव अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो, यासाठी मडक्यातील ओलसर वाळूवर फडके पसरून त्यावर अंडी ठेवतात. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत, कारण त्याहून अधिक अंडी पोटाखाली मावत नाहीत आणि कडेची आळीपाळीने गार पडतात.

बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाने किंवा पेन्सिलीने रेघ ओढण्याची पद्धतही अशीच नेमकी आहे. त्याच खोप्यात दुसऱ्या कोंबड्या येऊन अंडी घालतात. ही मागाहून आलेली अंडी रेघ नसल्यामुळे लगेच ओळखून काढता येतात. ती राहिली तर पहिली पिले बाहेर पडल्यावर आई त्यांना घेऊन उठते आणि उशिराची अंडी अर्धी वाढून वाया जातात. सातव्या-आठव्या रात्री अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर रुंद टोक धरले, की जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये गडद ठिपका दिसतो, तर निर्जीव अंडे स्वच्छ दिसते. अशी अंडी वेळीच काढल्याने उरलेल्यांना ऊब नीट मिळते. उबवणारी कोंबडी चोचीने अंडी दिवसातून अनेकदा फिरवते, त्यामुळे गर्भ कवचाच्या आतील पडद्याला चिकटत नाही. मात्र अठराव्या दिवसानंतर पिलू बाहेर पडण्याच्या बेतात वळलेले असते आणि तेव्हा टोपलीशी ढवळाढवळ करू नये. याच दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का पाहण्याची रीत आहे. हलणारे अंडे जिवंत असते हे खरे, परंतु कवचाला बारीक टोचा पडलेला असेल तर पाणी आत जाऊन पिलू गुदमरते, म्हणून अंडे कानाशी धरून आतली टकटक ऐकणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते ही समजूत मात्र निराधार आहे, कारण पिलाचे लिंग मादीच्या बीजांडातील गुणसूत्रावर अवलंबून असते आणि कवच त्यानंतर चढते.

पिले निघाल्यावर पहिला दिवसभर त्यांना काही खायला घालू नये, असे जुन्या बाया सांगतात. जन्मापूर्वीच उरलेला बलक पिलाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते सुमारे दोन दिवस निभावू शकते. या सोयीमुळेच आईला उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी थांबून राहता येते. खाद्याची घाई नसली तरी पाणी मात्र लवकर ठेवावे, आणि ते उथळ ताटलीत, खडे टाकून ठेवावे, म्हणजे पिले त्यात पडून भिजत नाहीत. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि ती पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवतात. तापमापक नसला तरी पिलेच मोजमाप सांगतात: ती दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर थंडी वाजते आहे, दिव्यापासून दूर पळून चोच उघडी टाकू लागली तर उकडते आहे, आणि सर्वत्र पसरून टिपत असतील तर ऊब योग्य आहे.

पिलांच्या मरणाचा मोठा वाटा पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत असतो. घार, कावळा, मुंगूस आणि रानमांजर हे शत्रू सर्वांना ठाऊक असतात, तरीही पिलांना पहिल्याच दिवसापासून आईबरोबर मोकळे सोडण्याची सवय अनेक घरांत टिकून आहे. बांबूच्या डालग्याखाली पहिले तीन-चार आठवडे पिले ठेवणे, आणि डालग्याची एक बाजू विटेने इतकीच उचलणे की पिले आत-बाहेर करतील पण मोठ्या कोंबड्या आत शिरणार नाहीत, या साध्या युक्तीने पिलांचे खाद्यही वाचते आणि जीवही. प्रथिनांसाठी वाळवीचा उपयोग करण्याची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. जुन्या मडक्यात ओले शेण, पेंढा आणि गोणपाटाचे तुकडे भरून ते संध्याकाळी वारुळाच्या भोकावर पालथे घालतात. सकाळी आत भरलेली वाळवी पिलांपुढे झटकली जाते. तांदळाच्या कणीत वा ज्वारीत जी प्रथिने अपुरी असतात, ती या खाद्यातून कसलाही खर्च न होता मिळतात.

मोठ्या कोंबड्यांच्या खाद्याबाबत दोनच गोष्टी अधिक लक्ष देण्याजोग्या आहेत. अंड्याचे कवच पाच-सहा ग्रॅमचे असते आणि ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे बनते. कवच चढण्याचे काम बरेचसे रात्री चालते, म्हणून सांजेच्या दाण्यात किनारपट्टीवर शिंपल्यांचा चुरा आणि इतरत्र चुनखडीची बारीक कच मिसळतात. घरातील अंड्यांची टरफले द्यायची असतील तर ती भाजून आणि अगदी बारीक कुटूनच द्यावीत, नाहीतर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडून खाण्याची खोड लागते. दुसरी गोष्ट बुरशीची आहे. माणसांना चालत नाही असा काळपट मका किंवा भुईमुगाची ओलसर पेंड कोंबड्यांपुढे टाकली जाते, परंतु ॲस्परजिलस जातीच्या बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते आणि उन्हात वाळवल्याने किंवा धुतल्याने ते नाहीसे होत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी भुईमुगाची दूषित पेंड खाऊन मेले, आणि त्या तपासातूनच या विषाची ओळख पटली.

कोंबडा परगावचा आणावा, हा सल्ला अनुवंशशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असतो, त्यामुळे तो न बदलल्यास दोन-तीन पिढ्यांत बाप-लेकींचा आणि भावंडांचा संकर वाढतो, उबवणीचे प्रमाण घटते आणि पिले अशक्त निघतात. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन आठवड्यांपर्यंत जिवंत साठून राहते, म्हणून नवा कोंबडा आणल्यावर लगेच बसवलेल्या अंड्यांतून जुन्याचीच पिले निघण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवावे. गावठी म्हणून जी कोंबडी ओळखली जाते ती काही एकसाची नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडी रानकोंबडी असला, तरी तिच्या पिवळ्या कातडीचे जनुक सह्याद्रीत आजही आढळणाऱ्या राखी रानकोंबडीकडून आले असल्याचे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरील बुसरा, झाबुआकडील काळ्या मांसाची कडकनाथ, लढाऊ असील, अशा जातींनी शतकानुशतके आपापल्या प्रदेशाशी जुळवून घेतले आहे. हैदराबादच्या संशोधन संस्थेतील वनराजा आणि बंगळूरची गिरिराजा या सुधारित जाती अधिक वजनाच्या आणि अधिक अंड्यांच्या आहेत, मात्र त्या फारशा खुडूक होत नाहीत, अंगाने जड असल्यामुळे शत्रूपासून पळण्यात कमी पडतात, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी मूळ गुणांची निघत नाही. त्यामुळे त्या आणताना गावठी कोंबड्या विकून टाकणे ही चूक ठरते. गावठी कोंबड्यांचा कळप राखून जोडीला सुधारित पक्षी ठेवणे, हाच मार्ग अनुभवी पालक सुचवतात.

पावसाळा हा परसातील कोंबड्यांचा सर्वांत कठीण काळ होय. रक्ती हगवण घडवणाऱ्या कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीची बीजे विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओल व ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून भाताची झोडणी उरकल्यावर, कोरड्या दिवसांत अंडी बसवण्याची जुनी पद्धत दाण्याच्या आणि आरोग्याच्या अशा दोन्ही दृष्टींनी योग्य आहे. खुराड्यात भाताचे तूस पसरून ते ओले होताच बदलणे आणि एका कोपऱ्यात कोरडी राख व माती ठेवणे याला पर्याय नाही. कोंबड्या त्या राखेत लोळतात तेव्हा पिसांतील उवा-लिखा कमी होतात. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्यालाही आधार आहे, कारण तुऱ्यावर व डोळ्यांभोवती फोड आणणारी देवी डासांमार्फत पसरते. मात्र पक्ष्यांची श्वसनसंस्था नाजूक असल्याने धूर खुराडे रिकामे असताना करून दार उघडे टाकावे. फोडांवर हळद-तेल लावल्याने जखम चिघळत नाही, परंतु देवी त्याने बरी होत नाही.

या सर्व ज्ञानाची मर्यादा मानमोडीपुढे उघडी पडते. मानमोडी किंवा राणीखेत हा विषाणूजन्य रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरी नोंदला गेला आणि त्यानंतर लवकरच उत्तराखंडातील राणीखेत येथे आढळल्यामुळे भारतात त्याला त्या गावाचे नाव मिळाले. कोंबडी धापा टाकते, हिरवट पातळ हगते, पंख गळतात, मान पिळवटून वळते, आणि लस न टोचलेल्या कळपात दहापैकी नऊ पक्षी काही दिवसांत मरू शकतात. लसूण, कांदा, हळद, ताडी असे नाना उपाय केले जातात, पण विषाणूवर त्यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. याहून गंभीर बाब अशी, की शेजारच्या वाडीत मरतुक सुरू झाल्याचे कळताच लोक आपल्या कोंबड्या घाईने आठवडे बाजारात नेतात. त्या वरून धडधाकट दिसल्या तरी त्यांतील काहींनी विषाणू आधीच घेतलेला असतो, आणि एका गावची साथ बाजारामार्गे दहा गावांत पोहोचते. एका घरापुरता पाहिला तर हा निर्णय समंजस वाटतो, पण पंचक्रोशीसाठी तो घातक ठरतो. एकाएकी अनेक पक्षी मरू लागले तर ही मानमोडी आहे की बर्ड फ्लू, हे अंगणात उभे राहून सांगता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, म्हणजे बुसरा जातीच्याच मुलखात, उद्भवली आणि ती आवरताना मोठ्या फार्मांबरोबर परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. म्हणून मेलेले पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता, उघड्या हातांनी न हाताळता, चुना घालून खोल पुरावेत, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

मानमोडीवर लस हाच एक भरवशाचा उपाय आहे आणि तो नवाही नाही; उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत विकसित झालेली आर-टू-बी लस चाळीसच्या दशकापासून वापरात आहे. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, आणि सुमारे आठ आठवड्यांनी पंखाखालच्या कातडीत आर-टू-बीचे अर्धा मिलिलिटर टोचण, असा सर्वसाधारण क्रम आहे. मोठ्यांची लस टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे आणि आजारी पक्ष्याला लस देऊ नये. अडचण लसीच्या किमतीत नसून कुपीच्या आकारात आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल इतकी लस असते, ती २ ते ८ अंश तापमानात जपावी लागते आणि द्रावण मिसळल्यानंतर साधारण दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांच्या घराने ती एकट्याने आणणे परवडत नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेली आय-टू ही उष्णता बऱ्यापैकी सोसणारी लस मोझांबिक आणि टांझानियातील खेड्यांत गावकऱ्यांच्याच हातून डोळ्यात थेंब टाकून दिली जाते. तेथील कामाचा गाभा लसीच्या गुणात जितका आहे, तितकाच ठरलेल्या दिवशी सगळ्या गावाने एकत्र येण्यात आहे.

महाराष्ट्रातील वाड्या-पाड्यांवर ही एकी घडवणे कठीण नाही, कारण अंडी, कोंबडा आणि खुडूक कोंबडी यांची देवाणघेवाण घराघरांत आधीपासूनच चालते आणि बचत गटाच्या बैठकीला त्याच बाया जमतात. बारा घरांनी मिळून एक कुपी बर्फाच्या थर्मासातून आणायची, आदल्या संध्याकाळी सर्वांनी कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवायच्या आणि पहाटे दारे उघडण्यापूर्वी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लस टोचत जायचे, कारण एकदा कोंबड्या बाहेर पडल्या की त्या पकडण्यातच ते दोन तास संपतात. पाण्यातून लस द्यायची असेल तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवंत विषाणू मारते, म्हणून विहिरीचे पाणी घेऊन त्यात साय काढलेल्या दुधाची थोडी भुकटी मिसळावी. एकदा लस दिली म्हणजे वर्षाची निश्चिंती झाली असे मात्र परसात होत नाही. दर फेऱ्याला नवी पिले निघत राहतात आणि त्यांना आधीच्या लसीचा काही उपयोग नसतो, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी, नव्या पिलांची मोजणी करून, ही फेरी पुन्हा करावी लागते.